आजीची साक्ष कशी लिहायची: रझाकार, पोलीस ॲक्शन आणि त्यानंतरचा एक महिना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. यांची आजी 91 वर्षांची, माहेर निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं, बार्शीच्या सरहद्दीला लागून. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, घर जाळलं आणि सगळं घर रातोरात भारतीय युनियनमध्ये, म्हणजे बार्शीकडे पळालं, ही गोष्ट यांनी लहानपणापासून ऐकलीय आणि आता त्यावर पुस्तक लिहायला घेतलंय. मागच्या महिन्यात रेकॉर्डिंग चालू असताना आजी मधेच म्हणाली, "आमी माघारी आलो तवा मोमिनाच्या घराला कुलूप नव्हतं, माणसंबी नव्हती. त्या आडाचं पाणी वरीसभर कुणी प्यालं न्हाई." मामांनी तिथंच रेकॉर्डिंग बंद करायला लावलं. म्हणून यांनी विचारलंय की "पोलीस ॲक्शननंतर गावाने मोमीन कुटुंबाला मारून आडात टाकलं, हे आता पुस्तकात निःपक्षपातीपणे कसं लिहू, आणि आजीच्या आठवणीवर कितपत विश्वास ठेवू?" (पोलीस ॲक्शन म्हणजे सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजांनी हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं ते, आणि मोमीन म्हणजे मुसलमान विणकर.)

मी गेली 22 वर्षं हेच काम करतेय. मराठवाड्यातली गावं, शिवाय सोलापूर-बार्शीकडे जाऊन तिकडेच राहिलेली घरं, दोन्हीकडच्या 1947-48 च्या आठवणी रेकॉर्ड करायच्या. सुरुवात एका दैनिकाच्या पुरवणीसाठी झाली होती, पुरवणी केव्हाच बंद पडली पण काम सुटलं नाही. म्हणून जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, तुमचा प्रश्न आणि आजीचं वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघा. आजी "मारलं" म्हणालेली नाही. "आडात टाकलं" असंही म्हणालेली नाही. "गावाने" तर नाहीच नाही. ती तीन गोष्टी म्हणाली, कुलूप नव्हतं, माणसं नव्हती, पाणी वर्षभर कुणी प्यालं नाही. मधली जागा तुम्ही भरली. तुम्ही भरलेलं खरंही असेल, माझा अनुभव सांगतो की बहुतेक वेळा असतंच, पण ते तुमचं आहे, आजीचं नाही. लिहिणाऱ्याची चूक शक्यतो इथंच होते. खोटं लिहायचं कुणाच्या मनात नसतं, पण साक्षीदार जिथं थांबलाय तिथं आपण थांबत नाही, आणि नंतर आपण जोडलेला तुकडा त्याच्या नावावर छापतो.

आणि निःपक्षपातीपणाचं म्हणाल तर मला नाही वाटत तुमची अडचण ती आहे. पुस्तकाचा जो आराखडा तुमच्या डोक्यात होता त्यात तुमचं घर सोसणारं होतं, आता आलेल्या वाक्यात तुमचं गाव करणारं किंवा निदान बघत राहिलेलं आहे, आणि दोन्ही एकाच आजीच्या तोंडून आलंय. मामांना हेच नकोय. तुम्हालाही आतून थोडं नकोच असणार, नाहीतर तुम्ही इथं विचारलंच नसतं.

यातलं बरंच परिस्थितीवर आहे. आजी त्याच गावात राहते का? ज्यांच्याकडे बोट जाईल त्यांची नातवंडं शेजारी राहतात का? तिला रोज दूध कोण आणून देतं? हसू नका, हा खरा प्रश्न आहे, कारण पुस्तक आलं की तुम्ही पुण्याला जाल आणि ती तिथंच असेल. मोमीन घरातलं कुणी कुठं सापडतंय का, हे दुसरं. आजीला सलग किती वेळ बोलवतं हे तिसरं. यांची उत्तरं मला माहीत नाहीत, म्हणून "छापा" किंवा "छापू नका" असं मी सांगणार नाही. पण रेकॉर्डिंग बंद करू नका हे मात्र ठामपणे सांगते. जपून ठेवणं वेगळं आणि छापणं वेगळं, मामांचा विरोध छापण्याला आहे आणि त्यांनी बंद पाडलं जपणं.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं त्या वॉर्सॉच्या घेट्टोमध्ये एमॅन्युएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने माणसं जमवून नेमकं हेच केलं होतं. आपलं काय होणार हे दिसत असताना त्यांनी आधी कागद जमवले. साक्षी, पत्रं, रेशनकार्डं, भिंतीवरची पोस्टरं, अगदी गोळ्या-चॉकलेटचे कागदसुद्धा. ते सगळं पत्र्याच्या डब्यांत आणि दुधाच्या बरण्यांत भरून जमिनीत पुरलं. 1944 मध्ये रिंगेलब्लुम मारले गेले. डबे 1946 मध्ये आणि बरण्या 1950 मध्ये सापडल्या, एक साठा आजवर सापडलेला नाही. कुठला कागद कामाला येईल हे त्यांना माहीत नव्हतं म्हणून त्यांनी निवड करायचं टाळलं. तुम्हीसुद्धा आत्ताच निवड करू नका.

आता आजीशी बोलायचं कसं. "रझाकारांनी काय केलं?" हा प्रश्न विचारलात की तुम्हाला सतरा सप्टेंबरचं भाषण ऐकायला मिळेल. तिची चूक नाही, गेली 70-75 वर्षं दर मुक्तिसंग्राम दिनाला शाळेच्या मैदानावर, रेडिओवर, नंतर टीव्हीवर तिने तीच वाक्यं ऐकलीत आणि ती तिच्या आठवणीवर साचलीत. भाषणात जे कधीच येत नाही ते विचारा. निघताना चुलीवर काय होतं? म्हैस सोडून दिली की नेली? धाकट्याला कुणी उचललं होतं? पायात काय होतं? बार्शीत पहिल्या रात्री कुठं निजलात आणि पांघरायला कुणी दिलं? एका बाईंनी मला घर जळाल्याचं दोन मिनिटांत सांगितलं आणि जात्याचा वरचा पाळू कुणीतरी नेला, नुसता तळीचा दगड राहिला, त्यावर वीस मिनिटं बोलल्या. रझाकारांनी तो कशाला नेला असता, सांगा. तो गावातल्याच कुणीतरी नेला होता, आणि कुणी ते त्यांना पक्कं माहीत होतं. लुटीची खरी गोष्ट त्या जात्यापासून उघडली.

नकाशा काढून घ्या, पण कागदावर नको, पेन बघितलं की म्हाताऱ्या माणसांना परीक्षेला बसल्यासारखं होतं. मी ज्वारीची मूठ देते आणि फरशीवर गाव मांडायला सांगते. वेस इथं, चावडी इथं, मारुती, मशीद, आड, मग एकेका घराला एकेक दाणा. एकदा एका आजींनी सगळं गाव मांडलं, शेवटी मशिदीजवळ दोन दाणे ठेवले, थोडा वेळ बघितलं आणि ते दोन दाणे उचलून पदराच्या गाठीत बांधले. मी काहीच विचारलं नाही. आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये यातलं काहीच नाही, नुसती 40 सेकंदांची शांतता आहे, म्हणून त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. तिसऱ्या भेटीला त्यांनी आपणहून त्या दोन घरांचं सांगितलं. म्हणून रेकॉर्डरसोबत वही लागतेच. आणि बोली सुधारू नका, "हुतं", "म्या", "रजाकार" जसं आलं तसं उतरवा, प्रमाण मराठी करायला पुढे आयुष्य पडलंय.

उतरवून झालं की मी प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करते. स्वतः पाहिलेलं, त्याच दिवसांत ऐकलेलं, आणि मागाहून कळलेलं. तुमच्या आजीची तिन्ही वाक्यं पहिल्या रकान्यातली आहेत, म्हणजे सोनं आहे हो. "कासीम रझवीच्या माणसांनी घर जाळलं" हे बहुतेक तिसऱ्यातलं असेल, कारण 14 वर्षांच्या मुलीला लातूरच्या वकिलाचं, रझाकारांच्या या पुढाऱ्याचं, नाव तेव्हा ठाऊक असण्याची शक्यता कमी. घर जळताना पाहिलं, ते पहिल्या रकान्यात. कुणी जाळलं, ते तिने कधी आणि कुणाकडून ऐकलं हे विचारून मगच ठरवा. बऱ्याच गावांत रझाकार म्हणजे बाहेरून ट्रकमध्ये आलेली अनोळखी टोळी नव्हती, त्यात ओळखीचे चेहरे होते, आणि ते चेहरे सांगायला लोक जास्त वेळ घेतात.

तारखांचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण भरवशाचा प्रश्न बराचसा इथंच सुटतो. म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारायची नसते, सण विचारायचा. पंचांग काढून बघा, 1948 ला गणेश चतुर्थी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आली होती. फौजा 13 सप्टेंबरला शिरल्या, तेव्हा गौरी नुकत्याच उठल्या होत्या. निजामाने 17 ला शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम दिला, ती अनंत चतुर्दशी. त्यानंतर लगेच पितृपंधरवडा. आणि त्या साली दसरा आणि बकरी ईद एकाच आठवड्यात आली, ऑक्टोबरच्या मध्याला. म्हणजे कुणी सांगितलं की "गणपतीच्या आधी आम्ही पळालो" तर ते रझाकारांच्या काळातलं, "पित्राच्या पंधरवड्यात माघारी आलो" म्हणालं तर पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतलं, आणि मुसलमान घरातल्या माणसाने "बकरीद को हम सोलापुर में थे" म्हटलं तर ते कुटुंब दसऱ्याच्या सुमारास गावात नव्हतं. दोन वेगवेगळ्या घरांतल्या, दोन वेगळ्या धर्मांच्या, कधी एकमेकांना न भेटलेल्या माणसांच्या आठवणी अशा सणांवर टांगून बघितल्या की कुठं जुळतात आणि कुठं अडतात ते लगेच दिसतं. तुमच्या आजीला विचारा, माघारी आल्यावर पहिला सण कुठला केला?

सरकारी कागद मिळाला तर त्यावर फसली साल, म्हणजे निजामाच्या राज्यातलं सरकारी वर्ष, असेल. त्यात 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना 591, कारण निजामाच्या राज्यात फसली साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं. सप्टेंबर 1948 हा 1357 फसलीचा शेवट. मी सुरुवातीला एका अर्जाची तारीख पूर्ण एक वर्ष चुकवली होती आणि त्यावर अख्खा परिच्छेद रचला होता.

आणि आठवण चुकली म्हणजे ती टाकाऊ झाली असं नाही. इटलीत तेर्नी नावाच्या पोलाद कारखान्याच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मार्च 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने गेला. पुढे कितीतरी वर्षांनी एका इतिहासकाराने गावातल्या कामगारांशी बोलायला घेतलं तर बरेच जण सांगत होते की तो 1953 साली, कारखान्यातल्या मोठ्या कामगार कपातीच्या वेळच्या चकमकीत मेला. सगळे एकदम खोटं का बोलतील? तर 1949 ला त्याच्या मरणावर गावाला काहीच करता आलं नव्हतं, ती सल होती. 1953 ला गाव रस्त्यावर उतरून लढलं होतं. म्हणून ते मरण हळूहळू सरकत सरकत जिथं त्याला काही अर्थ आला असता तिथं जाऊन बसलं. आपल्याकडे हे सारखं भेटतं. पोलीस ॲक्शननंतर गावात जे झालं ते सांगताना लोक नकळत ते ॲक्शनच्या आधी ढकलतात, म्हणजे ती लढाई होते, लूट राहत नाही. पंचांगावर टांगलं की सरकलेलं दिसतं, आणि का सरकलं हेच मग तुमच्या पुस्तकातलं एक प्रकरण होऊ शकतं.

कागदांचं पटकन सांगते. खासरा पाहणी, म्हणजे गावातल्या जमिनींची नोंद, 1954-55 ची काढा, तहसीलला मिळते. मोमिनांच्या नावावर घरजागा किंवा शेत असेल तर पाहणीत कुणाचं नाव आलंय ते बघा, आणि त्याआधीचे उर्दू कागद मिळाले तर जुळवा. जमीन कशी कुणाकडे गेली हे माणसं विसरतात पण कागद विसरत नाही. अर्थात नाव बदललं म्हणजे बळकावलंच असं नाही, कितीतरी जणांनी जाताना मिळेल त्या भावाने विकलंय, तो भाव किती "राजीखुशीचा" हा वेगळा विषय. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या फायली पण उपयोगी पडतात, सरहद्दीवरच्या कॅम्पांची, गावांची नावं त्यात मिळतात, फक्त एवढं ध्यानात ठेवा की ती प्रतिज्ञापत्रं पेन्शन मंजूर व्हावी म्हणून केलेली आहेत, त्यात शौर्य ठासून भरलेलं असतं आणि शेजारी मात्र कुठेच नसतो. नेत्यांची आत्मचरित्रं वाचा, पण ती राज्याच्या उंचीवरून लिहिलेली आहेत, तुमच्या गावातला आड तिथून दिसत नाही.

आणि सुंदरलाल समितीचा अहवाल. भारत सरकारने पाठवलेली ही समिती, पंडित सुंदरलाल आणि सोबत काझी अब्दुल गफ्फार वगैरे, नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये तीनेक आठवडे संस्थानातल्या 16 पैकी 9 जिल्ह्यांत फिरली. त्यांचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनमध्ये आणि नंतर कमीत कमी 27 ते 40 हजार माणसं गेली, बहुतांश मुसलमान, आणि सगळ्यात वाईट जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. काही ठिकाणी फौजेतली आणि पोलिसातली माणसं लुटीत सामील होती असं त्यात आहे आणि काही ठिकाणी फौजेनेच लोकांना वाचवलं असंही आहे. रझाकारांनी आधी काय केलं होतं तेही ते नाकारत नाहीत. कित्येक दशकं हा अहवाल लोकांसमोर आलाच नाही. वाचताना एक लक्षात ठेवा की त्यातला उस्मानाबाद जिल्हा म्हणजे आजचा धाराशिव नाही, लातूर त्यातच होतं, आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हा बीदरमध्ये होते. आजचे नकाशे घेऊन आकडे वाटणारे लेख मी बघते तेव्हा डोकं फिरतं.

त्या अहवालात एक बारीक गोष्ट आहे जी तुमच्या कामाची आहे. एकाच धंद्यातल्या माणसांनी एकमेकांना धरून ठेवलं असं त्यांना दिसलं, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यात स्वतःचे जीवही गेले. तुमच्या गावातलं घर मोमिनाचं, म्हणजे माग असणार. गावात साळी-कोष्ट्यांची घरं होती का? त्यांच्यातल्या कुणा म्हाताऱ्याला गाठलंत का?

आता आकडा. मी एकदा तोंडघशी पडलेय म्हणून सांगते. एका गावात चार जणांनी मला एकाच आडाबद्दल "साठ माणसं" सांगितली, चौघांचा आकडा एकच, म्हणून मी छापला. दोन वर्षांनी त्या गावातून गेलेल्या एका कुटुंबाने घरटी नावं सांगितली, ती 17 भरली, आणि वर ते म्हणाले की साठ तर आमची सगळी वस्तीच नव्हती. चौघांनी तो आकडा एकाच माणसाकडून ऐकला होता. मला ते आधीच विचारता आलं असतं, विचारलं नाही. त्यानंतर ज्याने कुणी तो लेख वाचला त्याला "मग बाकीचंही खोटंच" म्हणायला मी मोकळं रान दिलं. 17 माणसं कमी होती का? पण साठच्या मागे ती 17 झाकली गेली. तेव्हापासून गावपातळीवर मी आकडा लिहीत नाही, घर लिहिते, घरातलं नातं लिहिते, आणि मग ज्याला मोजायचंय त्याने मोजावं. राज्याचा आकडा लिहायचा तर कुणाचा अंदाज, कधीचा, किती जिल्हे फिरून काढलेला, एवढं त्याच वाक्यात यायला हवं.

मोमीन कुटुंब शोधायचंय तर सोलापूरपासून सुरू करा. तिकडे मागावर काम मिळायचं म्हणून बरेच जण तिकडे गेले, काही हैदराबादला. पण जाताना "तुमच्या घरातल्यांना मारलं का" असं विचारत जाऊ नका. आणि पहिल्याच दिवशी एवढं लक्षात घ्या की ते याला मुक्तिसंग्राम म्हणणार नाहीत, "पोलीस ॲक्शन" म्हणतील, आणि तो शब्द ते दुष्काळ म्हणावं तसा म्हणतात. ॲक्शनच्या आधी, ॲक्शनच्या बाद. तुमच्या घरात सतरा सप्टेंबरला झेंडा, त्यांच्या घरात त्या दिवशी कुणी मोठ्याने बोलत नाही. दोन्ही शब्द जसे आले तसे पुस्तकात ठेवा, एकाचं दुसऱ्यात भाषांतर करू नका. मला एक वयस्कर चाचा भेटले होते, दोन तास बोलले, मारामारीबद्दल एक अक्षर नाही. सगळं बोलणं मागाचं. निघाले तेव्हा मागावर अर्धं लुगडं होतं, हिरवं, लाल काठाचं, गावातल्याच एका घरच्या लग्नासाठी सांगितलेलं, सूत त्यांचंच दिलेलं. "वो किसने उतारा होगा?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मी ते तसंच लिहिलं, त्यापुढे एक ओळ जोडली नाही. एका संपादकाने त्यावर "इथे भावनिक शेवट हवा" असा शेरा मारला होता, मी लेख परत घेतला.

बायकांवरच्या अत्याचाराबद्दल स्वतःहून कधीच विचारू नका. कुणी सांगितलं तर ऐका, रेकॉर्डर बंद करू का विचारा, आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारा की हे ठेवू का पुसू. पुस म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसा. मी पुसलेलं आहे, दोनदा, आणि इतिहासाचं नुकसान झालं म्हणून मला अजून ओरडा बसतो. बसू दे.

लिहायला बसाल तेव्हा माझं सगळ्यात जास्त लक्ष जातं ते दोन शब्दांवर, "पण" आणि "म्हणून". "रझाकारांनी आमचं घर जाळलं म्हणून गावाने मोमिनांना..." हे वाक्य लिहिलंत की तुम्ही निकाल दिला, पुराव्याशिवाय. ज्यांनी घर जाळलं तेच हे मोमीन होते का? आजी तसं म्हणालीय का? बरेचदा असं दिसतं की ज्यांनी जाळलं ते फौजा यायच्या आधीच पसार झाले आणि जे राहिले ते "आपण काय केलंय" म्हणून राहिलेले विणकर, तेली, मजूर. "पण" तर त्याहून गोंडस, "मोमिनांचं वाईट झालं, पण आधी रझाकारांनीही..." म्हणजे एकीकडचं प्रेत तराजूत टाकून दुसरीकडचं हलकं करायचं. तिथं तारीख लिहा. आषाढात हे झालं. पितृपंधरवड्यात हे झालं. दोन वाक्यं, मधे पूर्णविराम. वाचणारा जोडायचं ते जोडेल आणि ती जबाबदारी त्याची राहील. याच्या उलट करणारेही आहेत, रझाकारांचं आधीचं वर्षभर दोन ओळींत उरकून थेट सप्टेंबरवर येणारे, तेही तितकंच खोटं पडतं. तुमच्या आजीचं घर खरंच जळलंय, त्याला पूर्ण जागा द्या. हैदराबादमध्ये ऑगस्ट 1948 ला "इमरोज"चे संपादक शोएबुल्ला खान यांना विलीनीकरणाच्या बाजूने लिहिलं म्हणून भर रस्त्यात मारलं, ते मुसलमान होते. एवढी एक गोष्ट आठवली तरी "ते" आणि "आपण" असे दोन सरळ ढीग लावायला हात कचरतो.

क्रियापदंही बघा. "घर जाळण्यात आलं", "माणसं मारली गेली", यात करणारा गायब होतो. माहीत असेल तर लिहा, माहीत नसेल तर "कुणी ते आजीने पाहिलं नाही" असं सरळ लिहा. आणि अमानुष, क्रूर, नृशंस हे तिन्ही शब्द आधी कापून टाका, जात्याचा पाळू पुरतो.

नावांचं म्हणाल तर सोसणाऱ्याचं नाव त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं तरच. करणाऱ्याचं, फक्त एका साक्षीवर, मी छापत नाही, आणि गाव इतकं लहान असतं की नाव बदलून भागत नाही, धंदा आणि गल्लीही बदलावी लागते. हे बदललंय असं पुस्तकात सुरुवातीला सांगून टाकायचं. मूळ नावांची यादी वेगळ्या पाकिटात, रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत, त्यातली एक तुमच्या गावापासून लांब.

मामांशी भांडू नका. त्यांना सांगा की छापायचं की नाही ते आजी ठरवेल आणि ती हो म्हणाली तरी ती असेपर्यंत तो भाग बाहेर येणार नाही असंही करता येतं. लेखी करून द्या हवं तर. माझ्याकडे अशी सात पाकिटं आहेत, त्यातली तीन मामांसारख्याच माणसांनी नंतर स्वतः येऊन उघडायला सांगितली, दोघांनी परत नेली, बाकी तशीच आहेत. आणि एक शक्यता धरून चला की मामांना तुमच्यापेक्षा जास्त माहितीय. आजी माघारी आली तेव्हा ती 14 ची होती, त्यांचा जन्मही झाला नव्हता, तरी आजीचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी हात वर केला. म्हणजे घरात याआधी कधीतरी हे बोलणं झालेलं आहे. सवड बघून एकट्याने त्यांना विचारा, रेकॉर्डर न नेता.

पुढच्या वेळी आजीकडे जाल तेव्हा आडाचं काढू नका, आधी ज्वारी द्या आणि गाव मांडायला सांगा. मोमिनांच्या घरात कोण कोण होतं, पोरींची नावं काय, आजीच्या बरोबरीची कुणी होती का, तिच्याशी काय खेळायची. मग विचारा की ते पाणी प्यायचं बंद झालं तेव्हा वर्षभर पाणी कुठून आणलं, किती लांब, कुणी सोबत असायचं, आणि वर्षाने पुन्हा पहिली घागर कुणी भरली. घागर कुणी भरली ते तिला नक्की आठवत असेल. उर्दू कागद हाताला लागले तर फोटो काढून मला मेसेज करा, मला शिकस्त, म्हणजे घाईत लिहिलेली तुटक उर्दू लिपी, बऱ्यापैकी लागते, एखाददोन आठवडे द्या फक्त.